वैशाखातल्या मेंढरांची फिर्याद

आमच्या इतिहासाच्या सरांनी एकदा स्वतःच्या लग्नाची पत्रिका वर्गात आणली आणि तिच्यावर आम्हाला दहा मार्कांचा प्रश्न घातला. पत्रिका पिवळी पडलेली, कोपऱ्यावर हळदीचा डाग. ती बाकाबाकावरून फिरली. सरांच्या लग्नाचा वाढदिवस असेल असं समजून पुढच्या बाकावरच्या एकीने टाळ्याही वाजवल्या. सर म्हणाले, "टाळ्या बंद. यात कुणाचं नाव नाय, ते शोधा."

आम्ही शोधायला लागलो. आजोबांचं नाव होतं, चुलत्यांची होती, गावच्या सरपंचाचं होतं. खाली 'किलबिल' म्हणून सात पोरांची नावं होती, त्यातलं एक तर दीड वर्षाचं. नव्हतं ते सरांच्या आईचं. "जिनं मला वाढवलं तिला जागा नाय," सर म्हणाले, "आन् छापखान्याच्या फोन नंबरला हाय. आता लिहा. या कागदावरून त्या वेळच्या घराबद्दल काय कळतं? चार मुद्दे. इत्यादी लिहायचं नाय."

'इत्यादी' या शब्दाशी सरांचं हाडवैर होतं. उत्तरात तो एकदा आला की अर्धा मार्क कापलाच. "इत्यादी म्हंजे काय? पुढचं मला माहीत नाय, पण तुम्ही मला हुशार समजा," असा त्यांचा खुलासा. 'थोर', 'महान', 'अतुलनीय' यांनाही तीच शिक्षा. बाकीच्या शाळांतली पोरं गाइडमधली उत्तरं घोकून चाळीसपैकी छत्तीस-सदतीस घ्यायची, आणि आमच्याकडे हुशार पोराला तीस पडले तरी घरी पेढे यायचे. मग पालक मुख्याध्यापकांकडे अर्ज घेऊन यायचे. मुख्याध्यापक सरांना बोलवायचे. सर अर्ज हातात घेऊन खालीवर बघायचे आणि म्हणायचे, "अक्षर आईचं हाय, सही बापाची हाय, आन् राग ट्यूशनवाल्याचा हाय." हे बहुतेक वेळा खरंच निघायचं, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटायचं.

अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला एक लाल आणि एक निळा पेन, आणि पँटच्या खिशात भिंग. हे भिंग म्हणजे सरांचा तिसरा डोळा. शाळेसमोरच्या टपरीवर चहा येईपर्यंत ते बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक मजकूर वाचत बसायचे. आमचे सुट्टीचे अर्ज भिंगाखालून गेल्याशिवाय मंजूर होत नसत. 'माझ्या मुलीला ताप असल्याने' असं कोणी स्वतःच लिहून आणलं की सर शांतपणे म्हणायचे, "ताप आलेलीचा हात कापतो. हे अक्षर ठणठणीत हाय." पोरगी खाली मान घालून जागेवर जायची.

एकदा तपासणीला साहेब आले होते. आमच्या शाळेच्या मागच्या बाजूला 'भिंतीवरून उड्या मारू नयेत' अशी मोठी पाटी होती. साहेब पाटी बघून खूश झाले, म्हणाले, शिस्त चांगली दिसते. मुख्याध्यापक फुलले. शेजारी सर उभे. त्यांना राहवलं नाही. "साहेब, पाटी उलटी वाचायची असती. जिथं कुणी उडी मारत नाय, तिथं अशी पाटी लागत नाय." मुख्याध्यापकांनी त्यानंतर आठ दिवस सरांशी बोलणं टाकलं होतं.

आता मी ही थट्टा करते आहे खरी, पण या माणसाचं नाव निघालं की माझी मान आपोआप ताठ होते. का, ते सांगते.

मी त्या शाळेत नववीत आले. आमचं घर सोयगाव तालुक्यातलं, मेंढपाळाचं. वर्षातले कितीतरी महिने बिऱ्हाड मेंढरांच्या मागे फिरायचं, त्यामुळे आठवीपर्यंत माझ्या तीन शाळा झाल्या होत्या आणि तिन्ही अर्ध्याच. शेवटी मामाने मला शहरात, गारखेड्याला आपल्याकडे आणलं. मामाची वाळूजला कंपनीत नोकरी, दोन खोल्यांचं घर, स्वतःची दोन पोरं. त्याने मला ठेवून घेतलं हेच खूप होतं. पण त्याने आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, साफ सांगून ठेवलं होतं: दहावीच्या सराव परीक्षेत एका जरी विषयात नापास झाली तर घेऊन जा, बोर्डाचा खेळ नको. आबांनी मान डोलावली होती. घरी मेंढरांमागे दोन हात कमीच होते.

मला पाठांतर जमायचं नाही. लिहायचा वेगही कमी. पण सरांच्या तासाला मला घरी आल्यासारखं वाटायचं. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात सरांचे तीन प्रश्न कायम लिहिलेले असत: कोण बोलतंय? कोणाला? कशापायी? कुठलाही कागद आला, ताम्रपट असो की लाइटबिल, आधी हे तीन प्रश्न. त्याच्या पाठोपाठ तारीख. आणि मग, कोण बोलत नाही, ते. शहरातल्या पोरांना हे जड जायचं. मला नाही. रानात लांबून माणूस येताना दिसला की आम्ही हेच तर विचारतो, कोण येतोय, कोणाकडं, कशापायी.

सरांकडे एक जुनं पत्र होतं. शहागंजातल्या एका रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात त्यांना ते सापडलं होतं. मोडी लिपीतलं. ते वाचता यावं म्हणून सर म्हातारपणी शाळेत नाव घालावं तसे मोडी शिकायला गेले होते. त्या पत्रावर त्यांचा जीव होता. पंधरा-सोळा वर्षं दर सराव परीक्षेत उताऱ्याचा प्रश्न म्हणून ते यायचंच, आणि वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना उत्तर सांगून जायची. मी नवीन, मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या दहावीच्या सराव परीक्षेतही ते आलं:

'अर्ज ऐसाजे. वैशाखमासीं धनगराची मेंढरे पाटलाचे वावरांत पांच रोज बसली. आमचे वावर वाटेवर असोन आमचे नुकसान जाहले. खाविंदांनी फिर्याद मनास आणोन बंदोबस्त करावा.'

प्रश्न होता: अर्जदाराची तक्रार काय आहे ते उताऱ्याच्या आधारे स्पष्ट करा. मार्क चार. सगळ्या वर्गाने लिहिलं, अर्जदाराचं शेत रस्त्यालगत असल्यामुळे येता-जाता मेंढ्यांनी त्याचं पीक खाल्लं. मी लिहिलं, 'मेंढरं पाटलाच्या वावरात बसली आणि अर्जदाराच्या वावरात बसली नाहीत, ही त्याची तक्रार आहे. मेंढरं वावरात बसवली की लेंडी, मूत इत्यादीमुळे जमिनीला खत मिळतं. ते पाटलाला मिळालं. अर्जदाराचं वावर वाटेवर असूनही त्याला मिळालं नाही.'

पेपर मिळाले तेव्हा सगळ्यांना त्या प्रश्नाला तीन, साडेतीन होते. मला शून्य. शेजारी लाल शाईत सरांचं गोल अक्षर: 'उताऱ्यात नाही ते मनाने लिहू नये.' एकूण चाळीसपैकी बारा. पास व्हायला चौदा लागत होते.

मामाने त्याच संध्याकाळी आबांना फोन लावला. तो रागावला नाही, उलट मामीला म्हणाला, पोरीला खायला काहीतरी चांगलं कर. त्याने मला जास्तच रडू आलं. आबा म्हणाले, शनिवारी येतो.

दुसऱ्या दिवशी मी सरांना शिक्षकांच्या खोलीच्या दारात गाठलं. त्याआधी मी शाळेत कोणाशी वर तोंड करून बोलले नव्हते.

"सर, माझं उत्तर बरोबर हाय."

"पुरावा?"

"आमच्या घरी मेंढरं हायेत, सर. लोक येऊन आबांना सांगतात, आमच्या वावरात बसवा म्हणून. नाय बसवली तर रुसतात."

"तू पक्षकार हायेस. मार्क तुझे, मेंढरं तुझी. कागदात काय हाय ते दाखव."

आता नाही बोलले तर शनिवारी पिशवी भरायची होती. मी म्हणाले, "मेंढरं पाच रोज पाटलाच्या वावरात व्हती. पीक खाल्लं असतं तर आधी पाटलाचं खाल्लं असतं. मग पाटील गप का, सर? फिर्याद त्यानं का नाय केली?"

 सरांनी खिशातून भिंग काढलं, पुन्हा खिशात घातलं. "वर्गात जा," एवढंच म्हणाले. मला वाटलं, संपलं.

शनिवारी मधल्या सुट्टीत आबा आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. शिपाई फाटकातच अडवत होता. मी धावत निघाले तर मागून सरांचा आवाज आला, "थांब. तू त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाय. व्हरांड्यात उभी राहा, तोंड भिंतीकडं." आणि सर स्वतः फाटकापर्यंत जाऊन आबांना घेऊन आले. माझ्या जवळून जाताना आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला शिक्षा झाली आहे असंच त्यांना वाटलं असणार.

शिक्षकांच्या खोलीची खिडकी माझ्या डोक्यावरच होती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बसा, दादा."

"हितं खाली बसतो की."

"खुर्चीवर बसा. ही माझीच हाय. पोरीशी काय बोलणं झालं का तुमचं?"

"कुठं झालं, गुरुजी. यष्टीतून उतरलो ते हितंच आलो."

"परीक्षेत काय प्रश्न व्हता, काय लिहिलं, कुणी सांगितलं?"

"नापास झाली येवढं कळलं. न्यायला आलो."

"बरं. एक जुना अर्ज वाचतो. ऐका, आन् मला सांगा, या माणसाची तक्रार काय असंल."

सरांनी पत्र वाचलं. कुठेही जोर न देता, सपाट. मी तशीच भिंतीकडे तोंड करून, ओढणीचं टोक दातात धरून उभी होते. आबांना परीक्षा कळत नव्हती, मार्क कळत नव्हते, आणि माझं पुढचं सगळं आता त्यांच्याच तोंडून काय निघतं यावर होतं.

"वाचा बरं अजून एक डाव," आबा म्हणाले. सरांनी वाचलं.

"वैशाखात म्हणला का?"

"व्हय."

"मग गेलं की बिचाऱ्याचं खत."

आत कोणाचा तरी कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला. सर म्हणाले, "खत कसं? मेंढरांनी पीक खाल्लं असंल."

आबा मोठ्याने हसले. "वैशाखात कंचं पीक, गुरुजी? वावर नांगरून पडल्यालं असतं. ढेकळं खातील व्हय मेंढरं?" खोलीतले बाकीचे शिक्षकही हसले. सर हसल्याचं ऐकू आलं नाही.

आबांना मग चेव चढला. "पाच रोज म्हंजे पाटलाचं वावर मोठं असंल, नायतर कळप ल्हान. मोठा कळप एका वावरात पाच रोज कोण ठिवतं? आन् ह्या गरिबाचं वावर वाटंवर व्हतं, म्हंजे आधी त्याचा नंबर. त्याला टाळून पुढं नेली. पण गुरुजी, धनगराला दोष नका देऊ. पाटलानं बोलावलं असंल. नाय कसं म्हणायचं त्यानं?"

माझ्या आबांना सही येत नाही, अंगठा उठवतात. ज्या पत्राला शहरातल्या कितीतरी पोरांनी पंधरा-सोळा वर्षं एकच उत्तर लिहिलं, ते पत्र त्यांनी दोनदा ऐकून उलगडून ठेवलं होतं. वावर किती, कळप केवढा, नंबर कोणाचा, दबाव कोणाचा, सगळं. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते, आणि त्या रडण्यात दुःखाचा थेंबही नव्हता. इतका अभिमान मला त्याआधी कशाचाच वाटला नव्हता.

 मग सरांचा आवाज आला. "दादा, पोरीचा निकाल राखून ठेवलाय. सोमवारपर्यंत ती हितंच राहील. आन् तुम्ही तिचे बाप, म्हंजे तुम्ही बी पक्षकारच झालात. मला आता तिसरा माणूस लागंल, ज्याचा या मार्कांशी काय संबंध नाय. यष्टी किती वाजता हाय?"

आणि सर खरोखरच आबांबरोबर दुपारच्या गाडीने सोयगावकडे गेले. साडीच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत ते पत्र, वही आणि एक टॉवेल घेऊन. रविवारी त्यांनी काय केलं ते आबांनी पुढे मला कितीदा तरी सांगितलं, आणि दर वेळी तितकंच हसून. सर म्हणे वावरावावरात जाऊन शेतकऱ्यांना पत्र वाचून दाखवायचे आणि तक्रार काय ते विचारायचे. आबांनी दोनशे पावलं लांब उभं राहायचं, खाणाखुणा करायच्या नाहीत. लोकांना वाटलं, सरकारी सर्वे आहे. एकाने आधी विचारलं, यात अनुदान किती? एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र पत्र पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खरं हाय, आमच्या बी वावराला तीन वर्सं झाली, कुणी मेंढरं बसवंना. तुमच्या वळखीचा हाय का कुणी मेंढरवाला?" सरांनी वही मिटली आणि लांबवर उभ्या असलेल्या आबांकडे बोट दाखवलं.

सोमवारी सर वर्गात आले तेव्हा बुटांवर अजून सोयगावची माती होती. हजेरी घेतली नाही. फळ्यावर पत्राच्या चार ओळी लिहिल्या, त्याखाली खरं उत्तर लिहिलं, आणि उत्तराच्या खाली: 'माहिती देणारे'. त्यापुढे माझ्या आबांचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि 'मेंढपाळ, तालुका सोयगाव'. आबांचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठे लिहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग सर आमच्याकडे वळले. "मी गंगापूरकडचा. आमच्या घरी ऊस. आमच्या वावरात वैशाखात बी हिरवं उभं असतं. मेंढरू दिसलं की माझा बाप काठी घेऊन पळायचा. मी ल्हानपणापासून हेच बघितलं, मेंढरं म्हंजे नुकसान. तुम्हाला सांगतो आधी तारीख बघा, आन् मी स्वतः तारीख वाचून बी वैशाखात ऊसच बघितला. सोळा वर्सं."  मग त्यांनी फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, त्या तीन प्रश्नांच्या खाली, चौथा लिहिला: वाचणारा कोण?

माझी उत्तरपत्रिका त्यांनी सगळ्यांसमोर पुन्हा तपासली. शून्य खोडलं, बाजूला लिहिलं, 'चूक तपासणाऱ्याची', आणि सही केली. चारपैकी साडेतीन दिले.

"अर्धा का कापला, सर?" माझा धीर आता वाढला होता.

"लेंडी, मूत, इत्यादी. इत्यादी म्हंजे अजून काय, सांग."

मी पुष्कळ विचार केला. "काय नाय, सर."

"मग?"

साडेपंधरा. मी पास होते. मुख्याध्यापकांनी जरा कुरकुर केली, लागलेला निकाल असा बदलत नाहीत म्हणून. सर म्हणाले, "मग तुमच्या निकालावर मी माझी फिर्याद लिहितो. सरळ शिक्षणखात्याला." मुख्याध्यापकांनी सही केली. बाकी पोरांचे मार्क सरांनी कमी केले नाहीत. "त्यांना मीच चुकीचं शिकवलं, ते त्यांनी बरोबर लिहिलं," म्हणाले.

पण सरांचं एवढ्यावर भागलं नाही. सोळा वर्षांच्या सराव परीक्षांचे पेपर त्यांनी घरी माळ्यावर रचून ठेवले होते, साधन म्हणून. सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, त्या माळ्याचा इतका राग होता की त्या तिथे पापडसुद्धा ठेवायच्या नाहीत. सरांनी सगळे गठ्ठे उतरवले आणि माझ्यासारखंच उत्तर लिहून शून्य मिळवलेला आणखी एकजण शोधून काढला. तो आता शाळेची व्हॅन चालवत होता. सरांनी त्याला गारखेड्याच्या चौकात व्हॅन थांबवून गाठलं, खिडकीतून पेपर आत दिला आणि म्हणाले, "तुझे साडेतीन मार्क माझ्याकडं राहिले व्हते." व्हॅनमधली पोरं टाळ्या वाजवायला लागली. तो बिचारा पाया पडायला खाली उतरला आणि मागे सगळी वाहतूक अडली.

निकाल बदलला त्या सोमवारच्या संध्याकाळी मामाने स्वतःच फोन लावून माझ्या हातात दिला. मी ओरडूनच सांगितलं, "आबा, पास झाले! आन् तुमचं नाव फळ्यावर लिहिलं सरांनी!" मला वाटलं, आबा काहीतरी कौतुकाचं बोलतील. ते म्हणाले, "ते असू दे. त्या अर्जवाल्याचं काय झालं? मिळाला का न्याय?"

मी दुसऱ्या दिवशी सरांना हे जसंच्या तसं सांगितलं. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्या माणसाची तक्रार काय, हे त्यांनी शेकडो पोरांना विचारलं होतं. तिचं पुढे काय झालं, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्याही मनात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून सर त्या फिर्यादीचा निकाल शोधत आहेत. आता ते निवृत्त झालेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, भिंगाचा नंबर वाढलाय. तरी आठवड्यातून एकदा रिक्षा करून जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांपाशी जातात. मी गंगापूरला एका शाळेत इतिहास शिकवते, म्हणजे सरांच्याच तालुक्यात, उसाच्या मुलखात, आणि माझ्या वर्गात फळ्यावर चार प्रश्न असतात. सुट्टीत घरी गेले की आबा अजून पहिलं हेच विचारतात, "लागला का निकाल?" मी नाही म्हणते. आबा मान हलवतात. कोण, कुठला, कधीचा तो शेतकरी, पण त्याच्यासाठी एक म्हातारा मास्तर गारखेड्यात आणि एक म्हातारा मेंढपाळ सोयगावात, दोघेही ताटकळून बसलेले आहेत.

मागच्या खेपेला मात्र आबांनी नुसती मान हलवली नाही. जरा विचार करून म्हणाले, "पुढच्या वैशाखात त्याच धनगरानं त्याच्या वावरात बसवली असत्याल. कुणी न सांगता. आपली मान्सं एकदा भीतीपायी चुकत्यात, पण वाटंवरच्या मान्साला दुसऱ्या डावाला टाळत नायत."

परत येताना मी वाकडी वाट करून गारखेड्याला उतरले आणि सरांना हे सांगितलं. मला माहीत होतं ते काय म्हणणार. तेच म्हणाले, "हे अनुमान झालं. पुरावा नाय." मग लाल पेन उघडला, वही पुढे ओढली, आबांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. लिहून झाल्यावर भिंगाखालून एकदा वाचलं, आणि समासात मार्क दिले. चारपैकी चार. सरांनी कोणाला पूर्ण मार्क दिलेले मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते माझ्या आबांना होते.